घाण जाते कुठे? इंजिनाच्या साफसफाईची शंभर वर्षे

दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी घेऊन कुठल्याही गॅरेजात जा. मिस्त्री आधी सायलेन्सरचा धूर बघतो, मग ऑइलचे झाकण उघडून आत बोट फिरवतो. बोटाला काळा, चिकट थर लागतो. "अंदर कचरा जम गया है, फ्लशिंग मारना पडेगा," असा निदानाचा शेरा मिळतो आणि काउंटरवरून एक बाटली पुढे येते. जुन्या ऑइलमध्ये ती ओतायची, दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवायचे, मग सगळे ऑइल काढून नवे भरायचे. पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली वेगळी, डिझेलची आणखी वेगळी.

मी भाषांचा शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवणारा. मग हा विषय मला कशाला? कारण माझ्या वर्गातल्या अनेक मुलांचे वडील रिक्षा, टेम्पो किंवा शाळेची व्हॅन चालवतात, काही गॅरेजात काम करतात. गाडीचे इंजिन उतरवायची वेळ आली की घरचा महिन्याचा हिशेब कोलमडतो. त्याचा परिणाम मला हजेरीपटावर दिसतो. मुलगा चार दिवस येत नाही; चौकशी केली तर तो बापाबरोबर गॅरेजात पाने पुसत बसलेला असतो. अशा घरासाठी ती बाटली म्हणजे आशा असते. त्या आशेत खरे किती आणि जाहिरात किती, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

या इतिहासाकडे बघताना मी दोन प्रश्न हाताशी ठेवले आहेत. घाण येते कुठून? आणि साफ केल्यावर जाते कुठे?

रॉकेल: पहिले औषध

इंजिन धुण्याचे सर्वांत जुने औषध रॉकेल. मराठीतले 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'चे बोलीरूप. उर्दूत त्याला 'मिट्टी का तेल' म्हणतात. एका भाषेने खडक पाहिला, दुसरीने माती. दोन्हींना जमिनीतून निघालेले तेल एवढेच सांगायचे आहे.

हा पदार्थही फार जुना. इराणमधल्या रय शहराचे हकीम अबू बक्र अल-राझी यांनी नवव्या-दहाव्या शतकात लिहिलेल्या 'किताब अल-असरार'मध्ये काळ्या नफ्ताचे ऊर्ध्वपातन करून 'नफ्त अब्यज', म्हणजे पांढरे नफ्त, मिळवण्याची कृती आहे. त्यासाठी चिकणमाती किंवा नौशादर वापरायला सांगितले आहे. नौशादर म्हणजे आपला नवसागर, कल्हईवाल्याच्या पिशवीतला. हे पांढरे नफ्त आजच्या रॉकेलच्या जातीचेच, आणि तेव्हा ते दिव्यात जळत असे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी आल्या तेव्हा इंधन कच्चे होते आणि ऑइल साधे. सिलिंडरमध्ये शिरलेले ऑइल अर्धवट जळे आणि पिस्टनच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर कोळशाचा कडक थर बसे. थर वाढला की आतली जागा कमी होई, थर स्वतः तापून लाल होई आणि ठिणगी पडण्याआधीच इंधन पेट घेई. इंजिन ठोके मारू लागे. म्हणून काही हजार मैलांनंतर हेड उतरवून कोळसा खरवडणे हे गाडी पाळण्याचे नेहमीचे काम होते. इंग्रजांच्या गॅरेजातून आलेला 'डिकार्ब' हा शब्द आपल्याकडच्या जुन्या मिस्त्रींच्या तोंडी अजून आहे.

हेड उतरवायचे कष्ट नकोत म्हणून लोक प्लगच्या छिद्रातून सिलिंडरमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवत. १९१० च्या दशकात अमेरिकेतल्या गॅरेजांनी याहून धाडसी उपाय काढला. प्लगच्या छिद्रातून आतला कोळसा पेटवायचा आणि वरून ऑक्सिजनचा झोत सोडायचा. कोळसा आतल्या आत जळून जाई. जमले तर तासाभरात काम फत्ते; हात चुकला तर पिस्टनही भाजून निघण्याची भीती.

रॉकेल ओतण्यातही एक खोट होती. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली चेंबरमध्ये उतरे, सुटलेला कोळसा बरोबर नेई आणि ऑइल पातळ करून टाकी. वरची घाण खाली गेली, एवढेच. खालचे ऑइल तेव्हाच बदलले नाही, तर कोळशाचे तेच कण बेअरिंगमध्ये जात. म्हणजे पहिल्या औषधापासूनच दुसरा प्रश्न उभा होता.

शिसे: इंजिन साफ, हवा घाण

ठोक्यांवर दुसरा उपाय रसायनशाळेतून आला. ९ डिसेंबर १९२१ रोजी अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळले तर ठोके थांबतात. १९२३ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात हे पेट्रोल विकायला आले.

पण जळल्यावर शिशाचे ऑक्साइड प्लगवर आणि व्हॉल्व्हवर बसू लागले. ठोके गेले, नवी घाण आली. मग त्या घाणीसाठी पेट्रोलमध्येच आणखी एक रसायन घालण्यात आले, इथिलीन डायब्रोमाइड. ते शिशाशी संयोग पावून असे क्षार बनवी, जे उष्णतेत वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडत. इंजिनाच्या दृष्टीने ही उत्तम सफाई होती. सिलिंडर स्वच्छ राही आणि शिसे रस्त्यावर येई.

त्या रस्त्यावर माणसे राहत होती. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे रिफायनरीत हे संयुग बनवताना विषबाधा होऊन पाच कामगार दगावले. त्यानंतरही पेट्रोलमधले शिसे दशकानुदशके चालू राहिले. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतल्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्या मुलांची बुद्धिमापन चाचणीतली कामगिरी कमी आणि वर्गात लक्ष टिकवणे अवघड, असे त्यांना दिसले. शिसे घरांच्या रंगातूनही मुलांच्या शरीरात जात असे, पण गाड्यांचा धूर हा त्याचा मोठा स्रोत होता. शिक्षक म्हणून मला हा अभ्यास विसरता येत नाही. इंजिनातून बाहेर घालवलेली घाण मुलांच्या दातांत सापडली होती.

भारतात १९९५ पासून चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले. जगातल्या शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, २०२१ मध्ये शिशाच्या पेट्रोलची विक्री थांबवली.

यात जुन्या गाड्यांसाठी एक धडा लपलेला आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या बैठकीवर शिशाचा जो पातळ थर बसे, तो मऊ बिडाच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. शिसे गेल्यावर जुन्या घडणीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह बैठकीत रुतू लागले आणि तिथे कडक धातूच्या रिंगा बसवाव्या लागल्या. शिशाचे समर्थन करायला मी हे सांगत नाही. फक्त जुन्या इंजिनात प्रत्येक थर निव्वळ कचरा असतोच असे नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

ऑइलमध्येच साबण

खरी क्रांती बाटलीतून आली नाही, ऑइलमधून आली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कॅटरपिलर कंपनीने ट्रॅक्टरमध्ये डिझेल इंजिने बसवायला सुरुवात केली. डिझेलची काजळी आणि उष्णता यांमुळे पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटून बसत. रिंग चिकटली की ती सिलिंडरच्या भिंतीला टेकत नाही. दाब निसटतो आणि इंजिन ऑइल खाते. कॅटरपिलरने स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीबरोबर काम केले आणि त्यातून १९३५ मध्ये 'डेलो' हे ऑइल बाजारात आले. मळ धरून ठेवणारे द्रव्य त्यात आधीच मिसळलेले होते.

हे द्रव्य साबणासारखे चालते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलकट मळाकडे. ऑइलमधल्या या द्रव्याची शेपटी ऑइलमध्ये रमते आणि डोके काजळीचा कण पकडते. कण एकमेकांना चिकटत नाहीत, भिंतीवर बसत नाहीत, ऑइलमध्ये तरंगत राहतात. शिवाय त्यात कॅल्शियमसारख्या धातूंचे अल्कली क्षार असतात. इंधनातले गंधक जळून जे आम्ल बनते, ते हे क्षार मारतात. आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ इंधनात ते दहा लाख भागांत दहा भाग एवढेच असते. त्या काळच्या ट्रकचे ऑइल किती आम्ल पचवत असेल याची कल्पना यावरून येते.

म्हणून ऑइल काळे पडले की ते 'खराब झाले' म्हणून नाक मुरडणे बरोबर नाही. ते काळे दिसते, म्हणजे काजळी भिंतीवर बसण्याऐवजी ऑइलमध्ये आली आहे. ते आपले काम करते आहे. पण त्याची धारणशक्ती संपते. ठरलेल्या किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलणे म्हणजे पकडलेला मळ घराबाहेर टाकणे. बदलले नाही तर घाण कुठेच जात नाही, आतच घट्ट होते.

नवे ऑइल आले तेव्हा आणखी एक अनुभव आला. वर्षानुवर्षे साध्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात हे साबणी ऑइल एकदम घातले, की तळाशी बसलेला जुना गाळ सुटून ऑइलच्या वाटा बुजवी. त्यामुळे जुन्या इंजिनात ऑइल बदलताना जपून, असे तेव्हा बजावले जाई. आजच्या फ्लशिंगच्या बाटलीबद्दलची भीती हीच आहे.

बाटली आणि जाहिरात

टाकीत ओतायच्या औषधांनाही मोठा इतिहास आहे. ब्रिटनमधल्या रेडेक्स या औषधाच्या नावाने १९५३ ते १९५५ या काळात ऑस्ट्रेलियाला वळसा घालणाऱ्या मोटारशर्यती झाल्या. खडबडीत रस्त्यांवरून हजारो मैल धावणाऱ्या गाड्या हीच औषधाची जाहिरात होती.

१९७० मध्ये शेव्हरॉनने 'एफ-३१०' हे सफाईद्रव्य मिसळलेले पेट्रोल आणले. जाहिरातीत माजी अंतराळवीर स्कॉट कार्पेंटर होते. गाडीच्या सायलेन्सरला पारदर्शक फुगा लावलेला. आधी त्यात काळा धूर भरे, मग हे पेट्रोल वापरल्यावर फुगा स्वच्छ दिसे. पुढे असे उघड झाले, की आधीच्या चित्रणातली गाडी मुद्दाम घाण करणाऱ्या खास इंधनावर चालवलेली होती. शिवाय धुरातला न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड फुग्यात दिसणार तरी कसा? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जाहिरात दिशाभूल करणारी ठरवली आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयानेही ती तशीच असल्याचे मान्य केले.

यात बारकाईने बघण्यासारखे हे, की औषध पूर्ण खोटे नव्हते. मळलेल्या कार्बोरेटरची सफाई ते करत होते. खोटे होते ते त्याचे मोजमाप. पुढे याच कंपनीने १९८० च्या दशकात पॉलिइथर अमाइन या वर्गातले द्रव्य आणले, जे ज्वलनकक्षातले थरही काढू शकते. आज टाकीत ओतायच्या बऱ्याच चांगल्या औषधांत हाच वर्ग असतो. १९९५ पासून अमेरिकेत सगळ्या पेट्रोलमध्ये सफाईद्रव्य घालणे सक्तीचे झाले. रसायन काम करते हे सरकारने मान्य केले, पण रोज थोडे थोडे, आणि घाण साचायच्या आधी.

आपल्याकडची घाण

आता महाराष्ट्रात येऊ. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचे इंजिन १०८९ सीसीचे होते, मूळ फियाटचे. सुटे भाग सहज मिळत आणि मिस्त्रीला डोळे मिटून हेड उतरवता येई. ती इंजिने बाटलीने जगली नाहीत, हातांनी जगली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यावर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्याआधीच मुंबईच्या टॅक्सी-रिक्षा सीएनजीवर गेल्या होत्या. सीएनजी जळताना काजळी फारशी करत नाही, त्यामुळे ऑइल बरेच दिवस स्वच्छ दिसते. ते तसे दिसते म्हणून बदलायचे टाळणारेही मी पाहिले आहेत.

दोन स्ट्रोकच्या स्कूटरींचा काळ चाळिशीतल्या वाचकांना आठवत असेल. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळायचे, मग सायलेन्सर कोळशाने चोंदायचा. मिस्त्री तो उतरवून विस्तवावर भाजत किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवत. लोखंडी सायलेन्सरला ते चाले. तोच सोडा ॲल्युमिनियमच्या हेडला लावला तर धातूच खाऊन टाकी. कुठले औषध कुठल्या धातूला, हे उस्तादाला पुस्तकातून नव्हे, हातातून ठाऊक असे.

पण आपल्या इंजिनांतल्या घाणीचा एक उगम गॅरेजच्या बाहेर होता. रेशनचे निळे रॉकेल स्वस्त, पेट्रोल-डिझेल महाग. त्या फरकावर भेसळीचा धंदा उभा राहिला. पेट्रोलमध्ये मिसळलेले रॉकेल नीट जळत नाही. ते काजळी करते, ठोके आणते आणि न जळलेला भाग खाली उतरून ऑइल पातळ करतो. ज्या रॉकेलने मिस्त्री इंजिन धूत, तेच रॉकेल टाकीतून आत जाऊन इंजिन मळवत होते. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ रंगेहाथ पकडली, तेव्हा त्यांना तिथेच जाळून मारण्यात आले. इंजिनातल्या काळ्या थराची चर्चा करताना त्यांचे नाव घ्यायलाच हवे. घाण कुठून येते, हा प्रश्न त्यांनी सरकारी कर्तव्य म्हणून विचारला होता.

मग बाटली ओतायची की नाही?

एका पालकांनी मला व्हॅनसाठी घेतलेली बाटली दाखवली. मागचे बारीक इंग्रजी अक्षर वाचून सांगा, म्हणाले. गाडी अडीच लाख किलोमीटर चाललेली, शाळेच्या मुलांची ने-आण करणारी. मी वाचून दाखवले: इंजिन गरम असताना ओता, गाडी चालवू नका, फक्त जागेवर मंद चालू ठेवा, ठरलेल्या मिनिटांनी ऑइल काढा, फिल्टर बदला. "सर, इतकंच? मग गाडी नवी होईल ना?" त्यांनी विचारले. नवी होईल, असे त्या बाटलीवरही कुठे लिहिलेले नव्हते.

इतिहास वाचून आणि जाणत्या मिस्त्रींशी बोलून माझे मत झाले ते असे. चिकटलेली रिंग रसायनाने सुटू शकते. झिजलेली रिंग भरून येत नाही. निळा धूर झिजलेल्या बोअरमुळे किंवा व्हॉल्व्हच्या सीलमुळे येत असेल, तर तिथे बाटलीचा उपयोग नाही. आधी दाब मोजून घ्यावा. तो खर्च बाटलीच्या मानाने फार नसतो, आणि त्याने अंधारातला अंदाज थांबतो.

झाकणाखाली पातळ तपकिरी थर असेल, तर कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल घालून पुढचे दोन बदल निम्म्या अंतराने करणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग. नव्या ऑइलमधला साबण गाळ हळूहळू उचलतो आणि प्रत्येक वेळी फिल्टरबरोबर तो बाहेर जातो. थोड्या मळलेल्या इंजिनात बाटलीचे फ्लशिंगही चालते, पण वेळ पाळून. त्या मिनिटांत ऑइल पातळ झालेले असते. ॲक्सिलेटर दाबला किंवा गाडी रस्त्यावर काढली, तर बेअरिंगला आधार उरत नाही.

पण टॅपेट कव्हरखाली डांबरासारखा जाड गाळ असेल, तर बाटली ओतू नये. तो गाळ ढेकळांनी सुटतो आणि चेंबरच्या तळाशी ऑइल पंपाच्या तोंडावर जी जाळी असते, तिच्यावर जाऊन बसतो. जाळी चोंदली की ऑइल वर चढत नाही. दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेले असते आणि काही शे रुपयांच्या सफाईतून पूर्ण इंजिनाचे काम निघते. अशा इंजिनात चेंबर उतरवून जाळी हाताने धुणे हाच उपाय. दिवसभराची मजुरी लागते, पण घाण खरोखर बाहेर आलेली डोळ्यांना दिसते. त्या व्हॅनचे चेंबर उतरवले तेव्हा जाळीचा निम्म्याहून अधिक भाग बुजलेला निघाला. बाटली न उघडताच परत गेली.

शेवटी ते काढलेले काळे ऑइल. आपल्याकडे ते नाल्यात ओततात, नाहीतर धूळ बसावी म्हणून गॅरेजसमोरच्या मातीवर शिंपडतात. त्यात इंजिनातला सगळा मळ असतो, झिजलेल्या धातूसह. सरकारी नियमांनुसार वापरलेले ऑइल हा घातक कचरा आहे आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. तुमच्या मिस्त्रीला एवढे विचारा, की ड्रम भरला की तो कोण नेतो. आमच्या शाळेच्या कुंपणामागे गॅरेजांची रांग आहे आणि कुंपणाच्या अलीकडे मुलांची बोअरवेल. मी हे विचारायला सुरुवात केली आहे. काहींनी हसून सोडून दिले. दोघांनी मात्र झाकणाचा ड्रम आणून ठेवला आहे.